भोंगा वाजला तर

७ मे २०२५. दुपारी चारला देशभर नागरी संरक्षणाचा सराव होता. पुण्यात विधानभवनावर भोंगा वाजणार असं सकाळच्या पेपरात वाचलं, म्हणून मुद्दाम गेले. समोरच्या झाडाच्या सावलीत उभी राहिले आणि मोबाइलवर आवाज टिपून घेतला. खालून चढत जाणारा सूर, वर पोचला की पुन्हा उतरणारा, पुन्हा चढणारा. शेजारी एक रिक्षावाले रिक्षा बाजूला लावून ऐकत होते. म्हणाले, "मावशी, हा कसला हो?" म्हटलं, सराव आहे. ते म्हणाले, "ते कळलं. पण खरा वाजला तर आपण करायचं काय?"

तीस वर्षं मुलांना भौतिकशास्त्र शिकवलं. या प्रश्नाचं उत्तर तेव्हा देता आलं नाही. ही टिपणं तिथून सुरू झाली.

*

त्या सरावासाठी केंद्राने ठिकाणांची श्रेणीवार यादी काढली होती. महाराष्ट्रातून पहिल्या श्रेणीत तीन नावं: मुंबई, उरण, तारापूर. पुणे दुसऱ्या श्रेणीत. मुंबई का, उरण का, हे कुणालाही सांगता येईल. तारापूरचं नाव वाचून मात्र ओळखीतल्या तिघांनी मला विचारलं, "तिथे काय आहे?" पंचावन्न वर्षांहून जास्त काळ झाला त्या केंद्राला. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र आपल्या राज्यात आहे आणि सुशिक्षित पुणेकराला ते आठवावं लागतं, याचं मला वाईट वाटलं.

*

नकाशा काढून पट्टी लावली. पुण्याहून तारापूर सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या थोडं आत. जैतापूर, जिथे नवं केंद्र व्हायचं ठरलं आहे, सव्वादोनशेच्या आसपास. एक वायव्येला, एक दक्षिणेला, आणि आपण जवळजवळ मध्यावर. ट्रॉम्बे त्याहून कितीतरी जवळ. तिथली 'अप्सरा' १९५६ साली सुरू झाली, आशियातली पहिली अणुभट्टी.

*

या महिन्याचं वीजबिल समोर ठेवलं आहे. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क. इतके आकार आहेत, पण ही वीज कुठून आली हे एकाही ओळीत नाही. ते तसं सांगताही येणार नाही म्हणा. चंद्रपूरचा कोळसा, कोयनेचं पाणी, तारापूरचं युरेनियम, सगळं एकाच जाळ्यात पडतं आणि लोणीकंदच्या उपकेंद्रापर्यंत येताना त्याची जातकुळी पुसली जाते. पण करार पुसले जात नाहीत. तारापूरच्या पहिल्या दोन संचांची वीज महाराष्ट्र आणि गुजरात यांनी निम्मी निम्मी वाटून घेतलेली. म्हणजे माझ्या लहानपणच्या चाळीस वॅटच्या पिवळ्या दिव्यातही तारापूरचा वाटा होता. तेव्हा वीज मंडळ एकच होतं. २००५ च्या जूनमध्ये त्याची वाटणी होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण झाल्या.

देशाच्या एकूण विजेत अणुवीज जेमतेम तीन टक्के. वाटा लहान, पण प्रश्न लहान नाही.

*

आईचं पानशेत.

१२ जुलै १९६१ ला ती सोळा वर्षांची होती. ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली आहे, पण अणुवीज केंद्राच्या आपत्कालीन योजनेबद्दल वाचत असताना ती नव्याने ऐकली. म्हटलं, आई, पाणी किती आलं ते नको सांगूस, पाणी येणार हे तुला कुणी सांगितलं ते सांग.

ती म्हणाली, "सांगणार कोण? बोळातून एकजण पितळी परात बडवत पळत गेला. ओरडत होता, धरण फुटलं, धरण फुटलं. आम्हाला वाटलं, वेडा आहे. मग त्याच्या मागून माणसं पळायला लागली. आजीने देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पदरात घेतला, मी धाकट्याला कडेवर घेतलं, आणि निघालो. तांदळाचा डबा राहिला. ते तिला शेवटपर्यंत लागून राहिलं."

पानशेतचं धरण पुरं झालेलं नव्हतं आणि पावसाळा अंगावर घेतला होता. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून ते थोपवून धरलं, म्हणून ते अंधारात न फुटता सकाळी फुटलं. त्याच दिवशी खडकवासलाही गेलं. त्या पोत्यांनी किती जीव वाचवले याचा हिशोब कुणी केला नाही, करताही येणार नाही. पण रात्रभर धरणावर माणसं झुंजत होती, याचा अर्थ धोका आहे हे रात्रीच माहीत होतं. आणि नदीकाठच्या आमच्या बोळापर्यंत ते सकाळी एका परातीच्या आवाजाने पोचलं. मधले ते तास माझ्या मनातून जात नाहीत.

धरण का फुटलं हा इंजिनिअरांचा प्रश्न. त्याच्या चौकश्या झाल्या. बोळातल्या माणसाला का कळलं नाही हा वेगळा प्रश्न आहे, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजले बुडाले, तेव्हाही रहिवाशांची पहिली तक्रार तीच होती: सांगितलं नाही. मध्ये त्रेसष्ट वर्षं गेली होती.

आमच्या वाड्याच्या दगडी भिंतीवर पानशेतच्या पुराची खूण अजून आहे. माझ्या कपाळाच्या वर चार बोटं.

*

२०२४ च्या त्याच पहाटे डेक्कनला पुलाच्या वाडीत पाण्यातून हातगाडी हलवताना तीन तरुण विजेचा धक्का बसून गेले. विजेने माणूस दगावतो तो बहुतेक वेळा असाच, ओल्या रस्त्यावर, उघड्या तारेने, खांबाला टेकून. कोळशाच्या राखेने आणि धुराने आयुष्य कमी होतं ते तर मोजणंही कठीण. चंद्रपूरला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या घरी गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर सकाळी हात फिरवला की बोटं काळी होतात. अणुभट्टीला घाबरणाऱ्या माणसाने ही चादरही पाहावी असं मला वाटतं. माझा अणुविजेला सरसकट विरोध नाही, हे इथेच लिहून ठेवते.

*

तारापूरविषयी थोडं सविस्तर.

१९६३ साली अमेरिकेशी करार झाला, जनरल इलेक्ट्रिकने दोन उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्या बांधल्या आणि २८ ऑक्टोबर १९६९ ला दोन्ही संचांची वीज व्यापारी तत्त्वावर सुरू झाली. प्रत्येकी २१० मेगावॅट. पुढे दुय्यम बाष्पजनित्रांतल्या गळतीमुळे क्षमता १६० वर आणावी लागली. करारात इंधन तीस वर्षं अमेरिका देणार होती. १९७४ ला पोखरणचा स्फोट झाला आणि तो पुरवठा अडला. मग फ्रान्स, नंतर चीन, नंतर रशिया. एका वीजकेंद्राची चूल पेटती ठेवायला देशाला किती दारं ठोठवावी लागली! त्या काळात ते केंद्र चालू ठेवणाऱ्या आपल्या तंत्रज्ञांबद्दल मला मनापासून आदर आहे. बांधणाऱ्यांनी हात वर केलेले, सुटे भाग मिळत नाहीत, आणि भट्टी अशी की चुकीला जागा नाही.

नंतरचे दोन संच, तीन आणि चार, आपल्याच आराखड्याचे, जड पाण्याचे, प्रत्येकी ५४० मेगावॅटचे. चौथा आधी, २००५ मध्ये. तिसरा २००६ मध्ये. अशा भट्टीचं पोट म्हणजे कलँड्रिया, आडव्या नळ्यांनी भरलेलं पोलादी पिंप. देशातल्या अणुभट्ट्यांसाठी असे कलँड्रिया घडवणाऱ्यांत इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर आहे. साखर कारखान्यांची यंत्रं करणाऱ्या गावाने अणुभट्टीचं पोट घडवलं. पुणे जिल्ह्याचं अणुविजेशी नातं बिलापुरतं नाही ते असं.

या दोन संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली. समुद्रावर जगणाऱ्या घरांना समुद्रापासून दूर नेऊन वसवलं. होडी दाराशी बांधणाऱ्याला बिगारी शोधावी लागली. कोर्टकचेऱ्या वर्षानुवर्षं चालल्या. दिव्याखाली अंधार ही म्हण तिथल्या लोकांना कुणी शिकवावी लागत नाही.

*

वर्गात मी एक प्रश्न दर वर्षी विचारायची: अणुभट्टी बंद केली की ती थंड होते का? सगळे म्हणायचे, हो.

होत नाही. गॅस बंद केला की ज्योत गेली, पण कोळशाची शेगडी विझवली तरी निखारे धगधगत राहतात, तसं आहे हे. साखळी क्रिया थांबते, पण विखंडनातून तयार झालेली मूलद्रव्यं आपापल्या गतीने क्षय पावत उष्णता देत राहतात. ५४० मेगावॅट वीज देणारी भट्टी आतून सुमारे पावणेदोन हजार मेगावॅट उष्णता निर्माण करत असते. ती बंद केल्याच्या क्षणी त्यातली सहाएक टक्के उष्णता उरते. म्हणजे शंभर मेगावॅट! एका दिवसाने ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते, पण शून्यावर येत नाही. या उरलेल्या उष्णतेवर पाणी फिरवत राहणं, हीच अणुभट्टीच्या सुरक्षेची अर्धीअधिक गोष्ट आहे. पाणी फिरवायला पंप हवा, पंपाला वीज हवी. वीज करणाऱ्या केंद्राला संकटाच्या वेळी बाहेरून वीज लागते, हे ऐकलं की मुलं चकित व्हायची.

३१ मार्च १९९३, नरोरा, उत्तर प्रदेश. टर्बाइनचं पातं तुटलं, हायड्रोजनने पेट घेतला, आग केबलींवरून धावली आणि सगळं केंद्र अंधारात गेलं. सतरा तासांच्या आसपास वीज नव्हती. तिथल्या कर्मचाऱ्यांनी हातात बॅटऱ्या घेऊन, धुरातून, भट्टीच्या इमारतीच्या वरच्या मजल्यापर्यंत चढून बोरॉनचं द्रावण हाताने आत सोडलं, आणि आग विझवण्यासाठी ठेवलेले डिझेलचे पंप चालवून पाणी पुरवलं. किरणोत्सार बाहेर पडला नाही. ज्या दिवशी आपण त्यांची नावं पाठ्यपुस्तकात छापू त्या दिवशी मला बरं वाटेल.

*

फुकुशिमाचा पहिला संचही जनरल इलेक्ट्रिकच्याच कुळातला, तारापूरनंतर दीड वर्षाने सुरू झालेला. ११ मार्च २०११ ला भूकंप झाला तेव्हा तिथल्या चालू भट्ट्या ठरल्याप्रमाणे आपोआप बंद पडल्या. लाट आली ती पाऊण तासाने. तळघरातली डिझेल जनित्रं बुडाली, पंप थांबले, निखारे राहिले.

आपल्याकडे २००४ च्या त्सुनामीत कल्पाक्कमच्या अणुकेंद्राच्या पंपगृहात पाणी शिरलं होतं. भट्टी सुखरूप बंद करता आली. आणि अरबी समुद्राला त्सुनामी ठाऊकच नाही असं नाही. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरानच्या किनाऱ्यावर भूकंप झाला, त्याची लाट मुंबईपर्यंत आली होती. तारापूरच्या जुन्या संचांचं २००६ च्या आसपास मोठं नूतनीकरण झालं, आणीबाणीची डिझेल जनित्रंही नवीन बसवली. २०२० साली दोन्ही संच पुन्हा मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवले.

पण फुकुशिमातून मी वेगळी गोष्ट उचलली. किरणोत्साराने झालेला म्हणून जपान सरकारने मान्य केलेला मृत्यू एक. आणि घरं सोडण्याच्या धावपळीत, नंतरच्या वणवणीत, औषधपाण्यावाचून, मनाने खचून गेलेली माणसं त्या एका प्रांतात दोन हजारांहून अधिक. फुताबा रुग्णालयातले चाळीसहून अधिक म्हातारे रुग्ण हलवताना आणि हलवण्याची वाट पाहताना गेले. पलंगाला खिळलेल्या माणसाला कुठे न्यायचं, कोणत्या गाडीतून, सलाइन कोण धरणार, हे आधी ठरलेलं नव्हतं. यादी नव्हती. भिंत जाड होती की पातळ, यावर आपण तासन् तास भांडतो. यादी आहे का, हे कुणी विचारत नाही.

*

आपल्याकडे नियम असे आहेत. केंद्राभोवती १.६ किलोमीटरपर्यंत वस्ती नाही. नव्या केंद्रांना ही मर्यादा १ किलोमीटर. पाच किलोमीटरपर्यंत नैसर्गिक वाढीपलीकडे वस्ती वाढवायची नाही. सोळा किलोमीटरपर्यंतच्या गावांसाठी आपत्कालीन योजना तयार हवी, आणि कुंपणाबाहेर काही करायची वेळ आली तर सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांकडे. सामान्य माणसाला केंद्रामुळे मिळणारी मात्रा वर्षाला एक मिलिसीव्हर्टच्या वर जाता कामा नये. निसर्गातून, माती-दगड-आकाशातून, जगातल्या सरासरी माणसाला वर्षाकाठी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतच असतात. प्रत्येक केंद्राबाहेर पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते. ती दूध, मासळी, भाजी, पाणी तपासते.

हे सगळं चांगलं आहे. मला एवढंच हवं की सोळा किलोमीटरमधल्या पाणवठ्यावरच्या बाईला हे तिच्या बोलीत माहीत असावं. आयोडीनची गोळी कशासाठी, ती कधी घ्यायची आणि सांगितल्याशिवाय का घ्यायची नाही. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी साध्या आयोडीनने आधीच भरून ठेवली की किरणोत्सारी आयोडीनला तिथे जागा मिळत नाही. दोन वाक्यांचं काम आहे.

*

मे अखेर. बोईसरला भाचीकडे चार दिवस राहून आले. तिचा नवरा एमआयडीसीत पोलाद कारखान्यात आहे. बोईसर केंद्रापासून दहाएक किलोमीटर, म्हणजे त्या सोळाच्या आत.

पहिल्या सकाळी सहाच्या सुमारास भोंगा वाजला आणि मी दचकून उठले. भाची चहा गाळत होती. म्हणाली, "पाळीचा आहे गं आत्या." दुपारी पुन्हा. संध्याकाळी दुसऱ्या कारखान्याचा, जरा घोगरा. तिथे रसायनांचे कारखाने शेकड्यांनी आहेत आणि स्फोटही झाले आहेत. त्या वेळीही भोंगे वाजतात. मी विचारलं, अणुकेंद्राचा कोणता ते ओळखता येतं का? तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "आमच्या कारखान्याचा ओळखतो. बाकीच्यांचा काय सांगणार?"

रोज भोंगे ऐकणाऱ्या गावात भोंगा हा इशारा कसा होईल? हा प्रश्न मला पुण्यात बसून कधीच सुचला नसता. पुण्यात एरवी भोंगाच वाजत नाही, बोईसरला भोंग्यांची गर्दी आहे.

तिची मुलगी चौथीत. शाळेत सराव झाला होता. तिने पाठ म्हणून दाखवलं: घरात जायचं, दारं-खिडक्या लावायच्या, पंखा बंद करायचा, पिण्याचं पाणी झाकायचं, नाकावर ओला रुमाल धरायचा आणि रेडिओवर सूचना ऐकायच्या. एकही पायरी चुकली नाही. शिकवणाऱ्या बाई चांगल्या असणार. मी विचारलं, रेडिओ कुठे आहे तुमचा? ती आईकडे बघायला लागली. घरात रेडिओ नव्हता. तीन मोबाइल होते. मोबाइलचे मनोरे विजेवर चालतात, आणि गर्दीच्या वेळी फोन लागत नाही हे आपण सगळ्यांनी अनुभवलं आहे.

*

तिथूनच उत्तरेला डहाणू-तलासरीचा पट्टा. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के बसायला लागले. बारीक बारीक, शेकड्यांनी. सर्वांत मोठे चारच्या जरा वर. अणुकेंद्राला याहून कितीतरी मोठे धक्के सोसायचे असं गृहीत धरून बांधलेलं असतं, त्यामुळे केंद्राला काही झालं नाही यात नवल नाही. पण मातीच्या भिंतींच्या घरांतली आदिवासी कुटुंबं थंडीत तंबूत झोपली. धक्का बसला म्हणून घराबाहेर धावताना पडून एका चिमुरडीचा जीव गेला. ४ रिश्टरच्या भूकंपात धावायचं नसतं, डोकं सांभाळून तिथेच टेबलाखाली बसायचं असतं, असं शहरात शिकवतात. त्या घरात टेबल नव्हतं.

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटे सव्वाचारच्या पुढचा. तेव्हा तारापूरचं बांधकाम चालू होतं. पुण्यातली माणसंही पांघरुणं घेऊन रस्त्यावर आली होती. कोयनेपासून जैतापूर शंभरेक किलोमीटर.

*

जैतापूर.

माडबन, मिठगवाणे, निवेली, करेल आणि वरीलवाडा अशा गावांची ९३८ हेक्टर जमीन. फ्रान्सच्या सहा भट्ट्या, प्रत्येकी १६५० मेगावॅट, एकूण ९९०० मेगावॅट. असं एकाच जागी उभं राहिलं तर जगातलं सर्वांत मोठं अणुवीज केंद्र. २०१० च्या डिसेंबरात करार झाला, मार्च २०११ मध्ये फुकुशिमा झालं, आणि १८ एप्रिल २०११ ला जवळच्या नाटे गावात पोलिसांच्या गोळीबारात मासेमारी करणारा एक तरुण मेला. त्याच महिन्यात प्रकल्पाच्या विरोधात तारापूर ते जैतापूर यात्रा निघाली होती. तिच्यात पुण्याची माणसं होती. दुसरीकडे अणुशास्त्रज्ञ डॉ. अनिल काकोडकर, ज्यांच्या ज्ञानाबद्दल आणि सचोटीबद्दल शंका घ्यायला जागा नाही, ते हा प्रकल्प का हवा हे महाराष्ट्रभर सांगत होते. मी त्यांनाही ऐकलं, यात्रेतल्या लोकांनाही ऐकलं.

साखरी नाट्याच्या बंदरावरच्या एका वयस्क बाईंशी मी नंतर एकदा बोलले. त्या बांगडे निवडत होत्या. हात थांबला नाही. म्हणाल्या, "तुम्ही शिकलेली माणसं सांगता, काही होणार नाही. बरं. पण पाणी गरम सोडणार की नाही? मग मासा थांबेल का? हे विचारलं तर म्हणतात, तुम्हाला समजायचं नाही." भट्टी थंड करायला समुद्राचं पाणी घेतात आणि काही अंशांनी गरम करून परत सोडतात, हे खरंच आहे. प्रश्न अगदी बरोबर होता. समजायचं नाही हे उत्तर मला एक शिक्षिका म्हणून लागलं.

पंधरा वर्षं होत आली, जमीन कुंपणात आहे आणि वीट रचलेली नाही. दरम्यान फ्रान्समध्ये फ्लामांव्हिलला त्याच जातीची भट्टी २००७ ला बांधायला घेतली, २०१२ ला पुरी व्हायची होती, वीज आली २०२४ च्या डिसेंबरात.

मुळशीचा सत्याग्रह आठवतोच. एप्रिल १९२१, सेनापती बापट, टाटांचं धरण, मावळ्यांच्या भातखाचरांवर मुंबईच्या गिरण्यांची वीज. पुण्यापासून चाळीस किलोमीटरवरची गोष्ट. तिथे शंभर वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न माडबनला पुन्हा विचारला गेला: वीज कुणाची, आणि जमीन कुणाची?

*

पुण्याने विजेच्या बाबतीत एक चांगली सवय लावून घेतली आहे, हिशोब विचारायची. दाभोळच्या एन्रॉन वीज प्रकल्पाच्या करारातले आकडे 'प्रयास' या पुण्यातल्या संस्थेने उलगडून दाखवले. गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते काम कागदावर, शांतपणे, बेरजा-वजाबाक्या मांडून केलं. २००६ साली भारनियमनाने राज्य हैराण होतं तेव्हा पुण्यात कारखान्यांची जनित्रं ऐन मागणीच्या वेळी चालवून शहराचं भारनियमन टाळलं, आणि त्याचा जादा आकार ग्राहकांवर बसवण्याआधी वीज नियामक आयोगापुढे सुनावणी झाली. दराच्या सुनावणीला मी स्वतः एकदा विधानभवनात गेले आहे. एक निवृत्त लाइनमन उठून बोलले, एक पिठाच्या गिरणीवाले बोलले. आयोगाने लिहून घेतलं.

म्हणजे एका युनिटमागे पंधरा पैसे वाढवायचे तर पिठाच्या गिरणीवाल्याला विचारतात. सुरक्षेचं तसं नाही. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून आहे. त्याला कायद्याचा स्वतंत्र आधार नाही हे महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात बजावून सांगितलं होतं. तो आधार मिळाला डिसेंबर २०२५ च्या नव्या अणुऊर्जा कायद्याने, त्याच कायद्याने खासगी कंपन्यांनाही दार उघडलं. आणि एप्रिल २०२५ मध्ये आपल्या महानिर्मितीने रशियाच्या रोसाटॉमशी थोरियमवर चालणाऱ्या छोट्या अणुभट्टीसाठी सामंजस्य करार केला. आजवर अणुवीज ही केंद्राची गोष्ट होती. उद्या ती राज्याच्या वीज कंपनीची होऊ शकते. तेव्हा सुनावणी पैशाची होईल, तशी सुरक्षेचीही व्हावी. विधानभवनातच व्हावी, माइकसमोर, मराठीत, आणि नाट्याच्या त्या बाईंना गाडीभाडं देऊन बोलवावं.

*

तळेगावजवळ सुदुंबऱ्याला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आहे. किरणोत्साराशी सामना करायचं शिक्षण या दलाला असतं. २०१० मध्ये दिल्लीत मायापुरीच्या भंगारबाजारात विद्यापीठातलं कोबाल्टचं जुनं उपकरण विकलं गेलं, कामगारांनी ते तोडलं, एकजण दगावला. वीजकेंद्र नाही, भट्टी नाही, एक विसरलेली वस्तू. तिथेही धावले ते या दलाचेच जवान. माळीणच्या दरडीच्या वेळी चिखलात दिवसेंदिवस उभे होते तेही हेच. सुदुंबऱ्यावरून जाताना मी हात जोडते.

*

बोईसरहून निघायच्या दिवशी स्टेशनसमोरच्या दुकानात रेडिओ मागितला. दुकानदाराने वरच्या फळीवरून दोन खोकी काढली, धूळ पुसली. सेलवर चालणारे, मीडियम वेव्हवाले. एक भाचीकडे ठेवला. नातीला सेल कसे घालायचे ते दाखवलं, जास्तीचे चार सेल तिच्या हातात दिले आणि घड्याळात घालायचे नाहीत म्हणून बजावलं.

दुसरा पुण्याला आणला. संध्याकाळी आईपुढे ठेवून लावला. खरखर झाली, मग ७९२ वर पुणे केंद्र लागलं. बातम्या चालू होत्या. मोबाइलवर टिपलेला विधानभवनाचा भोंगाही तिला ऐकवला. तिने शेवटपर्यंत ऐकला. मग उठली, रेडिओ उचलला आणि खोलीभर नजर फिरवली. मी टेबलाकडे बोट दाखवलं.

"तिथे नको," म्हणाली. भिंतीवरच्या खुणेकडे पाहिलं, हात उंच केला, पण पोचला नाही. "वरच्या फडताळात ठेव. खुणेच्या वर."